शिवणीतली माया

टेलरमास्तरांना एक खोड होती. गिऱ्हाइकाचा शर्ट ते अगदी बेतात बसवायचे, पण पोटच्या पोराचा कायम वाढत्या अंगाचा शिवायचे. बाह्या बोटं गिळायच्या. वारा सुटला की पोरगं फुगायचं. शाळेत त्याचं नाव 'तंबू' पडलं आणि असं चिकटलं की आईसुद्धा जेवायला "ए तंबू" अशीच हाक मारू लागली. मास्तर मात्र ते नाव तोंडात घेत नसत. शेवटी धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता.

तंबू सैन्यात भरती झाला आणि पहिल्या सुट्टीला वर्दीत घरी आला. आईचे डोळे भरून आले. मास्तरांनी चष्मा लावून वर्दीची शिवण उलटी केली. शिवणीत जादा कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात.

"कुणी शिवलंय हे? माया म्हणून सोडलेली नाही! उद्या अंग भरलं तर?"

"बाबा, आता कुठे वाढतोय मी? पुढच्या सुट्टीला एक शर्ट शिवून ठेवा. पण मापात हं. एकदा तरी!"

"शब्द दिला," मास्तर म्हणाले.

मग लढाई पेटली. "तंबू तंबूत राहतोय," तो फोनवर सांगायचा आणि लगेच शर्टाची चौकशी करायचा. मास्तर फुशारकी मारायचे, "असा बसेल, की श्वास घ्यायलासुद्धा माझी परवानगी लागेल."

शर्ट तयार होऊन खुंटीला लागला. सुट्टी तोंडावर आली, तेव्हा दोन अधिकारी दुकानात शिरले. मास्तरांना वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्यांनी गळ्यातली टेप सरसावलीसुद्धा.

पोरगं घरी आलं ते बंद पेटीत. अंगात नाही तर नाही, निदान वर तरी घालू म्हणून आईने शर्ट काढला. शिवणीत हाताला जाड लागलं. आत चांगली दोन-दोन बोटं माया.

"अहो, शब्द दिला होतात ना?"

"लग्नानंतर अंग भरतं पोरांचं," मास्तर कसेबसे म्हणाले आणि जादा कापड छाटायला त्यांनी कात्री उचलली.

आईने हात धरला. एवढ्या रडण्यातही तिला हसू फुटलं. "राहू दे. मापातला दिलात तर म्हणेल, हा बाबांनी शिवलेलाच नाही."

मास्तरांनी टाके उसवून सगळी माया मोकळी केली, अगदी काठाला नवी शिवण घातली, इस्त्री फिरवली आणि शर्ट पेटीवर पसरला. दारातून वारा आला तसा तो फुगला. मास्तर खाली वाकले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी हाक मारली, "ए तंबू."