शुइ-बोच्या उजव्या कानामागून

मी कानाचं मशीन बोलतोय. ऐकणं हा माझा धंदा, बोलायची सवय नाही. तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या. शिवाय जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती कीलुंग या बंदराच्या शहरातल्या एका दुकानाची. काचेच्या कपाटात आम्हाला शिंपल्यांसारखं मांडून ठेवलं होतं. एका दुपारी पेइ-जुन नावाची मुलगी आपल्या आईवडिलांना घेऊन आली. वडील शुइ-बो. सगळा जन्म त्यांनी टगबोटीच्या इंजिनखोलीत काढला. मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावायची, हे त्या बोटीचं काम. इंजिनाच्या धडधडीत कान गेले ते गेलेच.

दुकानदाराने मला त्यांच्या उजव्या कानामागे बसवलं. मी आत नेलेला पहिला आवाज त्यांच्या बायकोचा, बी-युनचा.

“आता तरी येतंय का ऐकू, म्हाताऱ्या? की अजून भिंतीशीच बोलू?”

शुइ-बो दचकला. (मी त्याच्या कानावरच बसायचो, तेव्हा अहोजाहो आता पुरे.) “एवढ्या मोठ्यानं बोलतेस तू?”

“इतकी वर्षं तुझ्याचसाठी ओरडतेय मी!”

मला वाटलं, आता माझे दिवस सुरू झाले. पण भांड्यांचा खणखणाट, स्कूटरचे भोंगे, देवळापुढचे फटाके, सगळं मी सारख्याच उत्साहाने आत ढकलायचो. थोड्याच दिवसांत त्याने मला काढून खणात टाकलं. उदबत्तीचे पुडे, रबरबँड आणि जुन्या मलमपट्ट्या यांच्यात मी पडून राहिलो.

गंमत म्हणजे माझ्यावाचून त्याचं काही अडत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बी-युन काही विचारायची, हा बरोबर उत्तर द्यायचा. मी खणात गोंधळून जायचो. याला ऐकू येतंय, तर मला आणलं कशाला?

मग ते साथीच्या आजाराचं वर्ष आलं. एक दिवस खण खसकन उघडला आणि शुइ-बोची बोटं मला चाचपू लागली. बी-युनने तोंडावर मास्क चढवला होता आणि हा खराखुरा बहिरा झाला होता. इतकी वर्षं तो तिचे ओठ पाहून ऐकत होता! तिला याचा पत्ताच नव्हता. मला वाटतं, त्यालाही नसावा.

आता त्या एका कानामागे आम्ही तिघे : चष्म्याची दांडी, मास्कची दोरी आणि मी. मास्क काढला की दोरी मला गोफणीसारखी भिरकावायची. एकदा तर मी कोळणीच्या टोपलीतल्या बर्फात जाऊन पडलो.

त्या उन्हाळ्यात परदेशात जायची सोय नव्हती. म्हणून एक भलंमोठं प्रवासी जहाज कीलुंगहून पंगहूच्या बेटांपर्यंत लोकांना फिरवून परत आणत होतं. बी-युनने हट्टच धरला.

“जन्मभर तू दुसऱ्यांची जहाजं ओढलीस. मला एकदा तरी आत बसव.”

बसवलं. चढताना कपाळाला ताप मोजायचं यंत्र, हातावर फवारा. जेवायच्या दालनात एक खुर्ची सोडून एक बसायचं, हवं ते प्लॅस्टिकच्या पडद्यापलीकडच्या पोरीला बोटाने दाखवायचं. माणसं चार घटका जवळ बसायला म्हणून आलेली आणि जरा जवळ सरकली की कुणीतरी ओरडायचं, “लांब, लांब!” यांना नेमकं काय हवंय, ते मला उमगेना.

“मांस घेतलंस का?” बी-युनने मास्कमधून विचारलं.

“पास? खिशात आहे.”

“मांस रे! भातावरचं!”

“दाखवला की दारावर. पुन्हा कशाला?”

शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. बी-युनने कपाळाला हात लावला. मास्क अर्धी अक्षरं खाऊन टाकत होता आणि माझ्यापर्यंत उष्टं तेवढं येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वरच्या उघड्या डेकवर आरामखुर्चीत पसरली. ऊन चढलं तरी हलेना. “समुद्र फुकट आहे, बघू दे पोटभर,” म्हणाली. शुइ-बो जहाजाच्या शेपटाकडे गेला आणि कठड्यावर तळवे टेकवून उभा राहिला. इंजिनाची थरथर तो हातांनी ऐकत होता. घाम पुसायला त्याने मास्क ओढला आणि मी डेकवर आपटलो. त्याने उचलून मला पुन्हा बसवलं, पण वाकडं. मी शिट्टी वाजवू लागलो.

तसाच तो जेवायच्या दालनात आला. बी-युन तिथे नव्हती. डेकवर धावला, तर तिची खुर्ची रिकामी. तेवढ्यात जहाजावरची एक कर्मचारी पोरगी लगबगीने आली. तोंडावर मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, वर वारा. ती बरंच काही बोलली. माझ्यापर्यंत आलं ते एवढंच :

“आजोबा... आजी... खाली... गेल्या...”

मी ते जसंच्या तसं आत पोचवलं.

शुइ-बोने कठड्यावरून खाली पाहिलं. खाली नुसतं पाणी होतं.

“जहाज थांबवा!” तो असा ओरडला की माझ्या आतली तार हलली. “बाई पडली पाण्यात! अरे, थांबवा ना!” त्याने एक पाय कठड्यावर टाकला सुद्धा. दोघातिघांनी लांब राहण्याचा नियम विसरून त्याला मिठीच मारली. त्या पोरीने आपली ढाल वर केली, स्वतःच्या कपाळावर हात ठेवला, मग बोटाने खालचा मजला दाखवला, मग दोन्ही तळव्यांवर गाल ठेवून झोपल्याची खूण केली. तेव्हा कुठे त्याला उलगडा झाला. जेवायच्या दालनाच्या दारावरच्या यंत्राने बी-युनला ताप दाखवला होता. तिला खालच्या मजल्यावर वेगळ्या खोलीत ठेवलं होतं.

शुइ-बोलाही त्याच्या खोलीत बसवलं. नवरा म्हटल्यावर तोही संशयित. जहाजाने बेटं न पाहताच तोंड फिरवलं. खोलीतला फोन वाजला, त्याने तो माझ्याजवळ धरला आणि मी पुन्हा किंचाळलो. फोनमध्ये बी-युन होती, एवढं नक्की. ती रडत होती की रागावली होती, ते मला सांगता आलं नसतं.

मग कुणीतरी दारावर थाप मारली. तीच पोरगी. तिने लांबूनच खोलीबाहेरच्या छोट्या गच्चीकडे बोट केलं, मग खाली, मग डावीकडे. शुइ-बो गच्चीत जाऊन वाकला. जहाजाचा खालचा भाग पोटासारखा पुढे आलेला होता आणि खालच्या एका गच्चीत बी-युन उभी होती. मास्क लावून जिवाच्या आकांताने ओरडत होती. माझ्याकडे फक्त वारा येत होता.

शुइ-बोने मला काढलं आणि मुठीत धरलं. दुसऱ्या हाताने त्याने आपला मास्क हनुवटीखाली ओढला आणि तिला खूण केली : तूही काढ. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि काढला.

आणि हा ऐकू लागला!

मुठीतून मला फक्त त्याचं बोलणं कळत होतं. “हो... गोळी घेतली... नाही गं, गॅस मीच बंद केला होता... चिडू दे लोकांना... भाताची पेज दिली का?... हो, जेवीन.” मूठ घट्ट झाली. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, “हे आत्ता सांगतेस होय? एवढ्या वर्षांनी?”

काय सांगितलं तिने? माझा जन्मच ऐकण्यासाठी, आणि त्या जहाजावरचं तेवढंच एक बोलणं मी ऐकलं नाही.

बंदरात तपासणी झाली. आजार वगैरे काही नव्हता, डोक्याला ऊन लागलं होतं. सहल बुडाली म्हणून काही प्रवासी पुटपुटले. “माझ्यामुळे परत तरी आलात धडपणी!” असं सुनावून बी-युन ताठ मानेने उतरली. ते बहुतेक सगळ्यांनाच नीट ऐकू गेलं.

पुढे मास्क गेले. मी पुन्हा खणात जाणार, असं धरून चाललो होतो. झालं भलतंच. बी-युनचेच कान जाऊ लागले. “मला चांगलं ऐकू येतं, हाच तोंडातल्या तोंडात बोलतो,” हे तिचं पालुपद. पण पेइ-जुन मला दुकानात घेऊन गेली, दुकानदाराने माझे कान पिळले, कानात घालायची नवी गुंडी बसवली, आणि आता मी बी-युनच्या डाव्या कानामागे असतो.

माझं कवच तडकलंय, त्यावर चिकटपट्टी आहे. मधूनच मी शिट्टी वाजवतो. बाजारात ती मला बंद करते, शेजारणी आल्या की काढून ठेवते. घरी मात्र सकाळी उठल्याबरोबर लावते. शुइ-बो मुळातच कमी बोलणारा, दिवसाकाठी दोन-चार वाक्यं. तीही चहा, हवा, गुडघा यांच्याबद्दल. एवढ्याशा बोलण्यासाठी ती मला दिवसभर का वागवते, याचाही मला पत्ता लागलेला नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच... थांबा. तो घसा खाकरतोय. तुम्ही जरा गप्प बसा.