चहाच्या खोक्यातली फळी

ज्या दिवशी छबूबाई गेल्याचं कळलं, त्या दिवशी माझ्यात पाणी ठेवायला कोणी आलं नाही. नगरच्या दवाखान्यातून एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. तिचे घरधनी, कारभारी, मला टेकून अंगणात बसले आणि बसूनच राहिले.

मित्रांनो, मी चहाचा एक जुना खोका आहे. पाथर्डीच्या गनीभाईंच्या दुकानातून छबूबाईने मला आणलं. बाजरी खुरपताना तिला बांधाजवळ चांदणी कासवाची पाच पिल्लं सापडली होती, सुपारीपेक्षा जराशी मोठी. तिने माझ्या तळाशी कोरडी माती पसरली, सावलीला एक कौल ठेवलं, उथळ झाकणात पाणी ठेवलं. शेवग्याचा पाला आणि घोळाची भाजी ती रोज घालायची.

पिल्लं सारखी वाढली नाहीत. दोन दांडगी झाली. ती लहानांना ढकलून पाला खाऊ लागली. मग छबूबाईने माझ्या मधोमध फळी बसवली. मोठी इकडे, लहान तिकडे. माती बदलताना ती फळी काढायची आणि परत बसवताना हसून म्हणायची, "चला, वाटनी करू." दवाखान्यात नेलं त्या सकाळी तिने फळी काढली होती. ती बसवायची राहिली.

तिसऱ्या दिवशी कारभारींनी फळी हातात घेतली. शेजारच्या कडूबाई भाकरी घेऊन आल्या होत्या.

"भाऊजी, काय करताय?"

"वाटनी." त्यांच्या तोंडी बायकोचाच शब्द आला.

"सुतकात वाटनी? काई इपरीत व्हायचं. तेरावं होऊ द्या."

कारभारींनी फळी भिंतीला लावून ठेवली. कोणी काही सांगितलं की ते तसं करत होते. जेवा म्हटलं की जेवत होते.

नवव्या दिवशी दुपारी एका दांडग्याने सगळ्यांत लहान पिल्लाला उलटं पाडलं. ऊन थेट त्याच्या पोटावर आलं. पाय हलायचे थांबले. मला हात नाहीत, मित्रांनो. कारभारी पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांना ते दिसलं. त्यांनी पिल्लू सुलटं केलं, सावलीत ओल्या फडक्यावर ठेवलं. बऱ्याच वेळाने त्याने मान बाहेर काढली. मग त्यांनी फळी बसवली.

कडूबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. "लोक काय म्हनतील, भाऊजी?"

"लोकांनी कुठं कासवं पाळल्यात, वहिनी?"

कासवं पाळाल तर सारख्या अंगाची एकत्र ठेवा, आणि ती वाढतील तशी जागाही वाढवा. माझ्या अर्ध्या भागात दोन्ही मोठ्यांना आता नीट वळताही येत नाही. छबूबाई त्यांच्यासाठी परसात दगडांचा आडोसा बांधणार होती. कारभारींनी दगड आणले आहेत. ते अजून रचलेले नाहीत.