मेलेल्याचा मुखत्यार

रविवारी दुपारी वालूरच्या घरी बापलेकीचं जुंपलं ते एका शब्दावरून. रामलिंगअप्पा शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. युरोपातले बिशप, त्यांचे धर्मप्रांत आणि धर्मसभा यांवर मराठीत पुस्तक लिहायचं त्यांनी सत्तरीत मनावर घेतलं होतं. मानवतच्या कॉलेजात शिकवणारी वैजयंती सुटीला आली की ते सांगत आणि ती लॅपटॉपवर उतरवून घेई.

त्या दिवशी प्रकरण होतं रोमच्या एका धर्मसभेचं, साल ८९७. फॉर्मोसस नावाच्या पोपला मरून कित्येक महिने झाले होते. नव्या पोपनं त्याचं प्रेत उकरून काढलं, त्याला उंची वस्त्रं नेसवली, गादीवर बसवलं आणि त्याच्यावर खटला चालवला.

"पण गुन्हा काय त्याचा?"

"एका धर्मप्रांताचा बिशप असून रोमच्या गादीवर बसला. अगं, एका मठाचे स्वामी उठून दुसऱ्या मठाच्या गादीवर बसले, तर आपल्यात गप बसतील का लोक? तसंच."

प्रेताच्या वतीनं उत्तरं द्यायला एक डीकन उभा केला होता. डीकनला मराठीत काय म्हणायचं? वैजयंती म्हणाली, उपपुरोहित. अप्पांना ते मिळमिळीत वाटलं.

"त्याचं पद नको सांगू, काम सांग. मुखत्यार लिही. मेलेल्याचा मुखत्यार. निजामाच्या कचेरीतला शब्द हाय, लोकांना लगेच कळंल."

तिनं लिहिलं. पोप दोषी ठरला आणि आशीर्वाद देणाऱ्या हाताची तीन बोटं छाटली गेली, इथवर आल्यावर अप्पा थांबले आणि दंड चोळू लागले.

"वैजू, सकाळपासून हात लय जड वाटायलाय गं. छातीतबी कसंतरीच."

"बोटं छाटली पोपची, अन् हात तुमचा दुखायलाय व्हय? लिहायचा कंटाळा आला की तुमचं असंच. तेवढं प्रकरण संपवा, मग बोला."

अप्पा खळखळून हसले. प्रकरण संपवलं. रात्री वैजयंतीच्या आईनं, शिवम्मानं, पुरणपोळी केली होती. त्यांनी दीड खाल्ली आणि झोपले.

सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा ते गार पडले होते.

लिंगायतांत मेलेल्याला आडवं ठेवत नाहीत. अप्पांना अंघोळ घालून ओसरीत मांडी घालून बसवलं, पाठ भिंतीला, कपाळभर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. मान लवू नये म्हणून हनुवटीखालून उपरण्याची पट्टी घेऊन ती मागच्या खुंटीला बांधली. वैजयंतीनं आपले आजोबा असेच बसलेले पाहिले होते, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि त्यांच्या मांडीशी बसून बेलाची पानं निवडत होती. भीती हा शब्दसुद्धा तिच्या मनात आला नव्हता.

आज तिला समोर बघवेना. नवी वस्त्रं घालून बसवलेलं प्रेत, पुढं जमलेली माणसं आणि मधे पोकळ जागा. काल हे सगळं तिनं स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं. आता फक्त प्रश्न विचारायचे राहिले होते.

आणि प्रश्न आले. लातूरहून भाऊ शिवकांत धापा टाकत पोचला. अप्पांच्या पायावर डोकं ठेवून उठला आणि तिच्याकडं वळला.

"काल काही म्हणाले का अप्पा? छातीत दुखतंय, दम लागतोय, असं काही?"

"नाही," वैजयंती म्हणाली.

तो शब्द कसा निघाला हे तिला कळलं नाही. मेलेल्या माणसाच्या वतीनं ती उत्तर देत होती, आणि तो समोरच बसून ऐकत होता.

"मग असं अचानक कसं?" त्रिवेणीआत्या पदर सावरत म्हणाली. "काय जेवला रात्री माझा भाऊ?"

"पुरणपोळी," आई हळूच म्हणाली.

"शुगरच्या माणसाला पुरण? शिवम्मा, काही अक्कल हाय का न्हाई तुला?"

"एकच घेतो म्हणले. मग अर्धी अजून..."

"तो म्हणंल! तू कशाला वाढलीस?"

शिवकांतनं आईकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. आईनं दोन्ही हात मांडीत घेतले. "माझंच चुकलं. माझ्या हातानं घालवलं मी त्यांना," ती म्हणाली. असं म्हणू नको, असं कुणीही तिला म्हटलं नाही.

तेवढ्यात खुंटीवरची पट्टी सैल झाली आणि अप्पांची मान वैजयंतीच्या बाजूला कलंडली. तिनं तोंडावर हात दाबला. शिवकांतनं पुढं होऊन मान सरळ केली, गाठ आवळली. तिला वाटलं, उठून मागच्या दारानं निघून जावं, मानवतची बस धरावी. कुणाला कळणार होतं? दुपारच्या त्या खोलीत दोघंच होते, आणि त्यांतला एक आता बोलणार नव्हता.

बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला. शेतात समाधीचा खड्डा तयार असल्याचा निरोप आला. जंगम स्वामी घंटा हातात घेऊन म्हणाले, "दर्शन घ्या आता. उचलायची वेळ झाली."

आई उठायला गेली आणि तोल जाऊन खाली बसली. आत्यानं हात दिला नाही.

वैजयंती अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या तोंडाकडं बघायचं धाडस तिनं सकाळपासून पहिल्यांदाच केलं. पापण्या पुरत्या मिटल्या नव्हत्या. ती इतक्या मोठ्यानं बोलली की स्वामींची घंटा हातातच राहिली.

"आईनं काही केलं नाही. अप्पांनी मला सांगितलं होतं. हात जड झालाय म्हणाले, छातीत कसंतरी होतंय म्हणाले. दुपारचे तीन वाजले होते. सेलूला दवाखान्यात न्यायला भरपूर वेळ होता. मी त्यांची चेष्टा केली आणि लिहायला बसवलं. दादा, मघाशी मी खोटं बोलले. अप्पा, तुम्ही सांगितलं होतं मला."