मंगळवाल्याचं कळत होतं

ट्रेव्हर हिंचक्लिफ अकरा वर्षांचा असताना मंगळावरच्या माणसाला भेटला होता. भेट झाली उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सलीच्या कोळसाखाणीमागे, कोबीच्या वाफ्यात. मंगळवाल्याच्या डोक्यावर स्वयंपाकघरातली चाळण, अंगावर चंदेरी रंग फासलेला पाणबुड्याचा पोशाख. जेवणाच्या सुट्टीत तो चाळण काढून सिगारेट ओढी. शनिवारी सकाळी पोरांसाठी लागणाऱ्या सिनेमांपैकी एकात ट्रेव्हरला काम मिळालं होतं. इंग्लंडभरच्या पोरांनी संत्र्याच्या साली फेकत तो सिनेमा पाहिला.

घोटाळा एवढाच झाला, की पडद्यावर ट्रेव्हरनं तोंड उघडलं आणि आतून लंडनच्या बड्या घरचा कुणी मुलगा बोलला: "परग्रहवासी मित्रा, घाबरू नकोस. आम्ही सभ्य लोक आहोत." बार्न्सलीचं बोलणं देशाला समजायचं नाही, असं सिनेमावाल्या साहेबलोकांचं मत पडलं होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्याचा आवाज भरला होता.

थिएटरच्या अंधारात आईनं विचारलं, "ह्यो कोन बोलतोय?"

आई पुढं तीस वर्षं जगली, पण पोराचा खरा आवाज पडद्यावर तिच्या कानी पडला नाही. शाळेत पोरं त्याला 'लॉर्डसाहेब' म्हणत आणि तो आवाज काढून दाखवल्याशिवाय घरी सोडत नसत. ट्रेव्हरनं तो घोटून घोटून पाठ केला. नंतर अडतीस वर्षं बस चालवली, पण तो आवाज एकदाही काढला नाही.

यंदा कुणाच्या तरी माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात, मूळ ध्वनिफीत सापडली. लंडनहून इमोजेन नावाच्या बाईंचं पत्र आलं: सिनेमा पुन्हा दाखवतोय, प्रथमच तुमच्या स्वतःच्या आवाजात, अवश्य या.

ट्रेव्हर टाय बांधून निघाला. सोबत थोरली बहीण ब्रेंडा.

"मयताला निघालायस व्हय रं?"

"गप बस, ब्रेंडे. आज आईच्या वाटचं तू ऐकायचंस."

सभागृहातले दिवे मालवले. मंगळवाला चाळणीतून "झुर्ग, ब्लूप" असं काहीतरी म्हणाला. पोरानं तोंड उघडलं.

"आरं, भिऊ नगंस गड्या. आमी काय वंगाळ मानसं न्हाय."

त्याचाच आवाज! ट्रेव्हरनं ब्रेंडाला कोपरानं ढोसलं. मग नजर खाली गेली. पडद्याच्या तळाशी पांढरी अक्षरं उमटली होती: 'घाबरू नकोस, मित्रा. आम्ही वाईट माणसे नाही.' लोक हसले, अगदी प्रेमानं.

ब्रेंडा कुजबुजली, "आरं, सगळी इंग्लिशच बसल्यात न्हवं? मग हे लिवलंय कुनापायी?"

"यांच्यापायी."

"आन् मंगळवाल्याचं बोलनं कसं न्हाय लिवलं?"

"त्याचं कळतंय त्यांना."

खेळ संपल्यावर इमोजेनबाईंनी त्याला मंचावर नेलं. "किती गोड! आता ते सुप्रसिद्ध वाक्य म्हणा ना."

ट्रेव्हरनं म्हटलं, आपल्या आवाजात. सभागृह सभ्यपणे गप्प राहिलं. पुढच्या रांगेतला एक टकलू गृहस्थ कळवळून ओरडला, "ते नव्हे हो! आमच्या लहानपणीचं!"

ट्रेव्हरनं टायची गाठ सैल केली. खाली ब्रेंडाकडे पाहिलं, मग पाहायचं टाळलं.

"परग्रहवासी मित्रा, घाबरू नकोस. आम्ही सभ्य लोक आहोत."

हुबेहूब. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टकलूनं तर डोळे पुसले.

ट्रेव्हर टाळ्यांतून वाट काढत जागेवर आला. ब्रेंडा टाळ्या वाजवत नव्हती. तिनं त्याच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली, त्याला बसू दिलं, आणि समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत विचारलं,

"ह्यो कोन बोलतोय?"