काजळाचं कडं

सुधाताई जर्मनीत गार्चिंगला मुलाकडे आल्या होत्या त्या नातीला सांभाळायला. नातीनं, म्हणजे नऊ वर्षांच्या उर्जानं, खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ ब्रांटचा कुत्रा सांभाळायचं काम परस्पर अंगावर घेतलं. फ्राऊ ब्रांट एका दिवसासाठी बहिणीकडे आउग्सबुर्गला निघाल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या बाईंना हा फ्लोकेच काय तो सोबतीला. जाताना त्यांनी पट्टा सुधाताईंच्या हातात दिला, तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. सुधाताईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण किती जपून सांगताहेत ते कळलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

उर्जाला कुत्रा हवा होता सिनेमासाठी. शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर तिला एक मुका विनोदी सिनेमा करायचा होता. तिनं आजीला फोनवर दाखवलं: शंभर वर्षांपूर्वीची करडी चित्रं, धुडगूस घालणारी पोरं, आणि त्यांच्या मागे एका डोळ्याभोवती काळं कडं असलेला कुत्रा. त्या काळी फार गाजलेला नट होता म्हणे तो. फ्लोके मात्र पांढराफेक. म्हणून उर्जानं मार्कर काढला आणि सुधाताई ओरडल्या.

"डोळ्यापाशी असलं विषारी काही लावायचं नाही हं! थांब."

त्यांनी पर्समधून काजळाची डबी काढली. तुपाच्या दिव्यावर घरी धरलेलं काजळ. उर्जाच्या बारशाला केलं होतं, तेव्हापासून दरवर्षी करायच्या. बोटानं त्यांनी फ्लोकेच्या डोळ्याभोवती झकास कडं काढलं. तोही गुणी बाळासारखा बसून राहिला.

"आता याला कोणाची दृष्टसुद्धा लागायची नाही," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ!" अगदी बरोबर, अशा अर्थानं उर्जा म्हणाली. आजीचं मराठी तिला सगळं कळायचं. तोंडातून यायचं ते जर्मन.

चित्रीकरण उ-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनजवळच्या बागेत झालं. कॅमेरा म्हणजे आजीचा फोन. कुत्र्यानं पळवायची सॉसेजची माळ म्हणजे मयुरेशचे, तिच्या बाबांचे, कापूस भरून शिवलेले मोजे. खरं सॉसेज हातात धरायला सुधाताईंनी साफ नकार दिला होता. पट्टा त्यांच्याकडे, काजळ पुन्हापुन्हा गडद करायचं कामही त्यांच्याकडे. शेवटचा प्रसंग फर्मास झाला. पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि आमच्या सुधाताईंनीही वाजवल्या, अगदी दोन्ही हातांनी.

टाळी वाजवायची तर पट्टा सोडावा लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर फ्लोके मोज्यांसकट झुडपांपलीकडे पसार झाला होता.

पोरी विद्यापीठाच्या दिशेनं धावल्या, सुधाताई स्टेशनच्या. चार पावलं गेल्यावर आठवलं, फोन उर्जाकडे. त्या बाईनं आपला हात कसा धरला होता! आता संध्याकाळी तिला कुठल्या तोंडानं सामोरं जायचं?

समोरून एक गृहस्थ येत होते. "हुंट?" सुधाताईंनी विचारलं. हा एक शब्द त्यांना उर्जाच्या कृपेनं येत होता. गृहस्थांनी आनंदानं चारी दिशांना चार कुत्री दाखवली. तसं नाही हो! सुधाताईंनी मग आपल्या डोळ्याभोवती बोट फिरवलं. गृहस्थ हसले आणि मान हलवून निघून गेले. सायकलवाल्या मुलीला विचारलं, तीही हसली. म्हाताऱ्या माणसाचा जीव जातोय आणि यांना हसू येतंय, असं म्हणत सुधाताई दिसेल त्याला थांबवत होत्या. तोंडानं "हुंट", बोटानं कडं. पाठोपाठ दोन हातांनी मोज्यांची लांबलचक माळ. एरवी चारचौघांत पदरसुद्धा जोरात न झटकणारी ही बाई भररस्त्यात कुत्र्यासारखी उड्या मारून दाखवत होती.

बेकरीवालीनं तर हसून हसून काउंटर धरलं. पण तिनं स्टेशनच्या जिन्याकडे हात केला.

खाली फलाटावर गाडी लागली होती. दारं उघडलेली. पलीकडच्या बाकावर पाठीवर सॅक घेतलेला एक विद्यार्थी, त्याच्या मुठीत पट्टा, आणि पायाशी फ्लोके मोजा चघळत बसलेला! विद्यार्थ्यानं मान वर केली, सुधाताईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग कुत्र्याच्या, आणि एक शब्द न विचारता पट्टा त्यांच्या हातात दिला. सुधाताईंचा जीव भांड्यात पडला. त्या फलाटावरच मटकन बसल्या आणि फ्लोकेला कवटाळून रडल्या.

वर उर्जा धापा टाकत येतच होती. आजीला पाहून आधी ती रडली, मग हसून हसून जागीच लोळायची बाकी राहिली. तिनं फोनचा कॅमेरा उलटा करून समोर धरला. काजळाच्या बोटानं दिसेल त्याला कडं दाखवून दाखवून सुधाताईंचा एक डोळा त्या गाजलेल्या नटासारखा झाला होता.

संध्याकाळी फ्राऊ ब्रांट आल्या. काही सांगायचं नाही, असं उर्जानं ओठांवर बोट ठेवून बजावलं होतं. पण सांभाळायला दिलेलं हरवलं होतं, ते लपवायचं कसं? उर्जा भाषांतर करीना, तेव्हा सुधाताईंनी स्वतःच सगळं करून दाखवलं. टाळी. सुटलेला पट्टा. पळणारी दोन बोटं. मग हात जोडले. फ्राऊ ब्रांटचा चेहरा पांढरा पडला. कुत्र्याला छातीशी घेऊन त्या खाली गेल्या, कोटावर काजळ माखलं तरी. सुधाताईंना जेवण गेलं नाही.

सकाळी बेल वाजली. दारात फ्राऊ ब्रांट, बरोबर फ्लोके. रात्रीतून कडं पुसलं जाऊन त्याचा डोळा नुसता करडा झाला होता. फ्राऊ ब्रांटनी त्याच्याकडे बोट दाखवलं, मग ते स्वतःच्या डोळ्याभोवती सावकाश गोल फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

सुधाताई डबी घेऊन आल्या, तेव्हा त्या बाईंनी पट्टा पुढे केला होता.