जिवंत पाण्याचं लॉन

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला डेल कॉफमनच्या घरासमोर निम्मी कॉलनी लोटली होती. कुणाच्या हातात कॉफीचा कागदी पेला, कुणाच्या हातात डोनट, आणि सगळ्यांच्या नजरा एका काळ्या ताडपत्रीवर. ताडपत्रीखाली डेलचं लॉन होतं. काल संध्याकाळपर्यंत ते कसं होतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ऑगस्टच्या उन्हानं होरपळून त्याचं पायपुसणं झालं होतं आणि मधोमध मेलेल्या गवताचा एक लांबच लांब पट्टा पडला होता. डेल हा या सिडर रन कॉलनीच्या घरमालक समितीचा अध्यक्ष. कुणाच्या दारचं गवत चार बोटं जास्त वाढलं किंवा जरा पिवळं पडलं, की डेलची ताकीद टपालपेटीत पडलीच. त्याच्याच दारात असं व्हावं म्हणजे दिव्याखाली अंधार. म्हणून तर एवढी गर्दी.

ताडपत्रीच्या कडेला एमेट क्रूम उभा होता. अनवाणी पाय, गवती हॅट, खांद्यापर्यंत पांढरे केस आणि हातात तांब्याच्या टोकाची जाडजूड काठी. लोक त्याला ब्रदर एमेट म्हणत. कुठल्या मठाचा ब्रदर, कुणाचा ब्रदर, हे कुणी विचारलं नव्हतं. उभ्या ओहायोत एवढी साधी चौकशी करायला कुणाला फुरसत नव्हती.

"मंडळी, गवत मरत नसतं!" क्रूम म्हणाला. "गवत रुसतं. माती रोज बोलते, पण आपलं लक्ष मोबाइलमध्ये. काल मी हिच्याशी बोललो. म्हटलं, माय, झालं गेलं विसर. मग तिला जिवंत पाणी पाजलं आणि अंगावर पांघरूण घातलं. आता बघा लेकरू कसं जागं होतं ते!"

त्यानं आणि डेलनं ताडपत्री ओढली. खाली हिरवंगार लॉन. मेलेला पट्टासुद्धा हिरवा. गर्दीतून "अहाहा" उमटलं, टाळ्या पडल्या. ट्रिश बॉमनं गुडघे टेकून गवतावर हात फिरवला आणि डोळ्यांना रुमाल लावला. नवरा गेला तेव्हाही तिला एवढं रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"पण ब्रदर, हा रोग आला कुठून?" डेलनं पढवल्यासारखं विचारलं.

"चाकांवरून," क्रूमनं उसासा टाकला. "या अंगणातून त्या अंगणात जी चाकं फिरतात त्यांच्यावरून. कुणाचं नाव घेणं माझ्या तोंडाला शोभत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. त्या गल्लीत गवत कापायचं यंत्र एकाच माणसाचं फिरे, युसेबियो मारोकिनचं.

गर्दीच्या मागे नोरीन टॅगर्टबाई खांद्याला कापडी पिशवी लावून उभ्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. आज टाळ्या वाजवणाऱ्यांत त्यांचे निदान दहा विद्यार्थी होते. डेल त्यातलाच एक. हातांची घडी घालून त्या बघत होत्या आणि त्यांना राग येत होता. सगळ्यात जास्त स्वतःचा.

युसेबियो एकोणीस वर्षं सिडर रनमधली लॉनं सांभाळत होता. जुलैत गवत पिवळं पडायला लागलं, तेव्हा त्यानं प्रत्येक दारात एकच गोष्ट सांगितली होती. "हे थंडीचं गवत आहे. उकाडा वाढला की झोपतं. मेलेलं नाही. आठवड्यातून एकदा सावकाश पाणी द्या, कापताना उंच ठेवा आणि थांबा. सप्टेंबरच्या पावसात आपलं आपण उठेल." सल्ला सोळा आणे खरा होता. पण त्यात ना जादू, ना काठी, वर 'थांबा' म्हणून सांगितलेलं. शेजारचं लॉन हिरवं आणि आपलं पिवळं, हे सिडर रनमध्ये एक दिवसही कुणाला सहन होत नाही. थांबतो कोण?

मग क्रूम उगवला. मातीची नाडी फुकट बघतो म्हणाला, जिवंत पाण्याचे तेवढे पैसे. अंगणभर फिरायचा, पावलागणिक काठी टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "इथून इथपर्यंत रोग उतरलाय. दहा दिवसांत दिसेल." आणि दहा दिवसांत अगदी तिथेच पट्टा मरायचा! लोकांचं डोकंच फिरलं. रोग कुणी आणला याचं उत्तर क्रूमच्या खिशात तयार होतं. त्याच आठवड्यात डेलचं पत्र निघालं. 'सदर माळ्याची वाहने कॉलनीत येऊ देऊ नयेत.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, पण तेव्हा चोर कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

टॅगर्टबाईंना पत्र पटलं नव्हतं. तरी त्यांनी युसेबियोला फोन केला. "थोडे दिवस येऊ नकोस रे. प्रकरण जरा निवळू दे."

"बरं, बाई," तो म्हणाला. आणि त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर चार दिवसांनी, वरच्या मजल्यावर पडदे लावताना, बाईंची नजर शेजारच्या अंगणात गेली. तिथला पट्टा नुकताच मरायला लागला होता आणि वरून पाहिलं तर तो पट्टा नव्हताच. ते ठिपके होते. एकापासून दुसरा बरोबर एका पावलावर. बाई पडदा हातात धरून उभ्याच राहिल्या. रोग पसरतो तो वेडावाकडा पसरतो. पावलं मोजत चालणारा रोग त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी क्रूमला आपल्या परसात नाडी बघायला बोलावलं. त्याला लिंबूपाणी दिलं, "अगं बाई, खरंच का?" असं तीन वेळा म्हटलं, आणि तो गेल्यावर खुरपं घेऊन बसल्या.

"टाळ्या झाल्या असतील तर मी जरा बोलू का?" आता त्या पुढे होत म्हणाल्या.

"टॅगर्टबाई, आज नको ना," डेल कुजबुजला.

"डेल, तू आठवीत असतानाही प्रयोगाच्या तासालाच तुझं पोट दुखायचं. बाजूला हो." थोडे लोक हसले. बाईंनी पिशवीतून पांढरा रुमाल आणि औषधाच्या दुकानातली स्पिरिटची बाटली काढली, रुमाल भिजवला, वाकून गवताची मूठभर पाती पुसली आणि रुमाल वर धरला. रुमालावर हिरवागार डाग होता.

"हा रंग आहे. लॉनला मारायचा रंग बाजारात उघड मिळतो, त्यात जादू नाही आणि पापही नाही. पाप आहे ते त्याला जिवंत पाणी म्हणण्यात. पातं बुंध्याशी उकलून बघा, आत पिवळंच आहे. आणि ही कडेची वीट बघा, हीही हिरवी झालीय. विटेलाही पालवी फुटली का, ब्रदर?"

"शंका!" क्रूमनं काठी उंचावली. "शंकेनं माती करपते, मंडळी! हिची सावली पडली की—"

"माझी सावली राहू द्या. तुमच्या काठीचं बोलू." बाईंनी बरोबर आणलेल्या खोक्यातून माती भरलेले दह्याचे कप काढून पायरीवर दोन रांगांत मांडले. "हे माझ्या परसात ज्या बारा ठिकाणी यांची काठी टेकली, तिथल्या मातीचे. आणि हे त्याच्या वीतभर बाजूच्या मातीचे, तेही बारा. सगळ्यांत एकाच पुडीतले ओट पेरले, एकाच खिडकीत ठेवले, सारखंच पाणी घातलं. बघा."

बाजूच्या मातीच्या बाराही कपांत बोटभर कोवळे ओट डोलत होते. काठीच्या मातीत कोंब वर येऊन पिवळे पडून आडवे झाले होते. बाराच्या बारा.

क्रूम गाडीकडे सरकायला लागला. डेलनं त्याच्या हातातली काठी धरली. त्याला खरं-खोटं करायचं होतं म्हणून नव्हे. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणून. बाईंनी पायरीवर जॅमची रिकामी बरणी ठेवली. "टोक आत दाब."

डेलनं दाबलं. आत स्प्रिंग करकरली आणि तांब्याच्या टोकातून चुळकाभर पाणी बरणीत पडलं. उग्र वास सुटला. काठी आतून पोकळ होती. खडीच्या रस्त्यावर वर्षभर काडीही उगवू नये म्हणून जे तणनाशक मारतात, ते तिच्यात भरलं होतं. आधी विष पाजायचं, मग रोग सांगायचा, मग मढ्याला रंग लावून 'उठलं' म्हणायचं. एवढाच काय तो चमत्कार.

क्रूम तेवढ्यात गाडीत बसून निघूनही गेला. ट्रिश हिरवे झालेले तळहात बघत म्हणाली, "पण दिसत तर छानच होतं." डेलनं पोलिसांत तक्रार करायला साफ नकार दिला. "पेपरात आलं तर घरांच्या किमती पडतील, बाई. झाकली मूठ राहू दे."

"आणि युसेबियो?"

"त्याचं पत्र मी काढतो ना."

सोमवारी पत्र निघालं. 'रोगाचा स्रोत निश्चित न झाल्याने माळ्याबाबतची पूर्वीची सूचना तूर्त स्थगित करण्यात येत आहे.' खाली एक ओळ जास्तीची होती. मेलेले पट्टे उकरून नवी माती भरण्यासाठी संबंधितानं लवकरात लवकर दर कळवावेत. माफीचा एक शब्द नव्हता. एकोणीस वर्षं राबलेल्या माणसाचं नावसुद्धा नव्हतं. टॅगर्टबाईंनी ते पत्र चुरगाळलं आणि गाडी काढली.

युसेबियोचं घर हमरस्त्यापलीकडे होतं. अंगणात यंत्र नव्हतं, ट्रेलर नव्हता. बायको देल्फिना खोकी बांधत होती. युसेबियो बाहेर आला. त्यानं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंनी सगळं सांगितलं, काठी, बरणी, कप, सगळं. तो शांतपणे ऐकत होता.

"तुझं नाव धुऊन निघालं रे," त्या म्हणाल्या. "मी दारोदार जाऊन सांगेन."

"सांगा, बाई. पण ही बातमी सिडर रनबाहेर कधीच गेली होती. मेपल कोर्ट कॉलनीनं कामावरून काढलं, चर्चवाल्यांनी काढलं. चाकांवर रोग आहे म्हटल्यावर कोण अंगणात घेणार? यंत्र विकलं मी. मेव्हण्याकडे इंडियानात गोदामात काम आहे. गुरुवारी निघतोय."

"तू परत यावंस म्हणून आलेय मी."

त्यानं मान हलवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मातीवर संशय आला तेव्हा तुम्ही चोवीस कप भरलेत, बाई. दहा दिवस थांबलात. माझ्यावर संशय आला तेव्हा एक फोन केलात."

देल्फिनानं आतून टेप मागितली आणि तो उठून गेला.

चमत्कार दिसला की पुरावा मागा, हे शाळेतली पोरंही पाठ म्हणतात. पण माणसाकडे कुणी बोट दाखवलं, तर त्या बोटवाल्याकडेही पुरावा मागा. तिथल्या तिथे मागा, सगळ्यांसमोर मागा, आणि तो मिळेपर्यंत त्या माणसाला दाराबाहेर काढू नका. क्रूमसारखा भोंदू विष चार अंगणांत ओततो. ते पसरतं आपल्या गप्प बसण्यातून. सप्टेंबरात पाऊस आला आणि झोपलेलं गवत युसेबियोनं सांगितलं होतं तसंच आपलं आपण उठलं. काठीच्या वाटेवरचं तेवढं उठलं नाही. ते उकरून दुरुस्त करणारा चांगला माणूस सिडर रनला अजून मिळालेला नाही.