सगळीकडे सारखाच पिकणारा वाण

माझ्या नवऱ्याने तयार केलेला कपाशीचा वाण सगळीकडे सारखाच पिकत होता, आणि नेमकं तेच मला खटकत होतं. काळी जमीन असो, खारवट असो, कालव्याचं पाणी असो की नुसता पाऊस, वेचणीला वजन तेवढंच. असं होत नसतं. कपाशी लहरी असते, माणसाच्या वरताण. पण आमच्या कापूस संशोधन संस्थेचे संचालक खूश होते. या हंगामानंतर वाण शेतकऱ्यांसाठी बाहेर पडणार होता आणि त्याला माझ्या नवऱ्याचं नाव मिळणार होतं.

तो जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याच्या चाचण्या आता माझ्याकडे होत्या. कोरडवाहू केंद्रावर भर उन्हात बोंडं मोजता मोजता कोसळला. पाण्याची बाटली गाडीतच राहिली होती. जिवाची हेळसांड करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

त्याच केंद्रावर मी न कळवता गेले. त्याच्या वाणाचा वाफा हिरवागार, शेजारचे सगळे करपलेले. बांधावर राखणदारमामा रिकामी कळशी घेऊन उभे होते.

"मामा, चाचणीतल्या एकाच वाफ्याला पाणी घालता?"

"झाडांना नाही घालत, मॅडम. साहेबांना देतो." मामांनी मान खाली घातली. "दुपारी इथं येऊन उभे राहतात. ओंजळ पुढे करतात. पाणी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी ओततो, ते खाली जातं."

मी भडकले. गाडीत बसून बाकीच्या कोरडवाहू केंद्रांना फोन लावले. आधी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, मग एकेक जण बोलता झाला. सगळीकडे तीच ओंजळ.

अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, रागही आला. साऱ्या रानांत हिंडतो, घरी मात्र फिरकत नाही.

मामांना मी रजेवर पाठवलं, बाकीच्यांना सक्त ताकीद दिली. हा वाण असाच बाहेर पडला, तर विहीर नसलेले लोकही तो भरवशाने पेरणार. त्यांच्या रानात कळशी घेऊन कोण जाणार होतं?

दुसऱ्या दुपारी तो आला. चुरगळलेला शर्ट, फुटलेले ओठ. मला बघून हसला आणि ओंजळ पुढे केली. माझ्या हातात भरलेली बाटली होती.

"नाही रे राजा," मी म्हणाले. "चाचणी चालू आहे."

ओंजळ तशीच राहिली. मी बाटली छातीशी धरून रडत उभी होते. तो रोज यायचा आणि मी रोज नाही म्हणायचे. पानं मलूल झाली. फुलं, कळ्या गळून पडल्या. एका दुपारी त्याने हात पुढे केलाच नाही. खाली बसून गळलेल्या कळ्या चाचपल्या, माझ्याकडे बघून पटल्यासारखी मान हलवली आणि बांधावरून चालत गेला. पुन्हा आला नाही.

वाण बाद झाला. बाईने नवऱ्याचं नाव बुडवलं, असं लोक म्हणतात. म्हणू देत. नावाचं मला काही नाही. तहानलेला आला होता, मी त्याला तहानलेलाच पाठवला.